एकाच प्रभागाचे दोन नगरसेवक: नाशिकमधील एका निवडणुकीतील टीकेचा प्रकरण अभ्यास

नाशिक महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत नवीन नाशिकमधील, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सिडकोतील, एका प्रभागात सर्वसाधारण जागेसाठी दोन मावळते नगरसेवक एकमेकांसमोर उभे राहिले. त्यांपैकी एक महिला होती आणि एक पुरुष. दोघेही २०१२ मध्ये एकाच द्विसदस्यीय प्रभागातून निवडून आले होते. पाच वर्षे दोघांनी त्याच गल्ल्यांचे प्रतिनिधित्व केले, त्याच विभागीय कार्यालयात खेटे घातले आणि त्याच अभियंत्यांकडे त्याच कामांसाठी पाठपुरावा केला. उमेदवारांवरील टीकेत लिंगभेदाचा आणि अन्य पूर्वग्रहांचा वाटा किती असतो, या प्रश्नावरील वाद बहुधा एका अडचणीपाशी येऊन थांबतो: ज्या महिलेवर टीका झाली तिच्यासारखेच काम केलेला पुरुष तुलनेसाठी सापडत नाही, त्यामुळे टीका कामावर होती की तिच्या स्त्री असण्यावर, हे सांगता येत नाही. येथे तसा पुरुष शेजारीच उभा होता, हे या प्रकरणाचे महत्त्व आहे.

उमेदवारांची नावे, त्यांचे पक्ष आणि प्रभागाचा क्रमांक येथे गाळला आहे. प्रभागात त्यांना ज्या नावांनी हाक मारली जाई तीच, म्हणजे ताई आणि अण्णा, पुढे वापरली आहेत. आधार घेतला आहे तो प्रचारपत्रकांचा, चौकसभा ऐकताना केलेल्या टिपणांचा, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरलेल्या संदेशांचा आणि मतदानानंतर माहितीच्या अधिकारात मिळालेल्या काही कागदांचा.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांचे आरक्षण २०११ मध्ये ५० टक्के झाले आणि नाशिकच्या १२२ जागांपैकी ६१ जागा महिलांसाठी राखीव झाल्या. ताई २०१२ मध्ये अशाच एका राखीव जागेवरून निवडून आल्या, तर अण्णा त्याच प्रभागातील खुल्या जागेवरून. २०१७ मध्ये प्रभाग चार सदस्यांचे झाले, जुन्या प्रभागांची मोडतोड होऊन नव्या सीमा आखल्या गेल्या, आणि ताईंच्या पक्षाने सर्वसाधारण महिलांसाठीची जागा ऐनवेळी पक्षात आलेल्या एका कार्यकर्तीला दिली. ताईंनी बंडखोरी न करता खुल्या जागेवर उमेदवारी घेतली आणि त्यामुळे पाच वर्षे ज्यांच्या शेजारी बसल्या त्या अण्णांशीच त्यांची गाठ पडली.

पहिला आक्षेप उमेदवारी जाहीर झाली त्याच दिवशी आला. महिलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या असताना त्यांनी पुरुषांच्या जागेवर अतिक्रमण का करावे, असा त्याचा आशय होता. कायद्यात पुरुषांची अशी जागा कोठेही नाही. सर्वसाधारण जागा सर्वांसाठी असते. हा आक्षेप घेणाऱ्यांत ताईंच्या स्वतःच्या पक्षाचे कार्यकर्तेही होते, आणि गंमत अशी की पाच वर्षांपूर्वी हीच मंडळी ‘आरक्षण होते म्हणून निवडून आल्या, खुल्यातून लढून दाखवा’ असे म्हणत होती. राखीव जागेवर लढली तर ती कमी प्रतीची आणि खुल्या जागेवर लढली तर ती आगाऊ, असे दोन्ही दरवाजे लावून घेतले की उमेदवाराला आत यायला मार्ग उरत नाही.

पाणी

प्रचारात सर्वांत जास्त गाजलेला प्रश्न पाण्याचा होता आणि तो पूर्णपणे रास्त होता. २०१५ च्या पावसाने ओढ दिली, गंगापूर धरण समूहातील पाणी जायकवाडीसाठी सोडण्याचा आदेश त्या वर्षीच्या ऑक्टोबरात निघाला, शहरात त्यावरून आंदोलने झाली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाशिककरांनी पाणीकपात सोसली. या प्रभागातील उंचावरच्या गल्ल्यांत तर कपात नसतानाही नळाला करंगळीएवढी धार येई. दोन्ही नगरसेवकांना या प्रश्नात यश आले नव्हते. जलवाहिनी बदलण्याची मागणी दोघांनी केली होती, दोघांच्या मागणीला विभागीय कार्यालयातून सारखेच उत्तर मिळाले होते, आणि सिंहस्थाच्या वर्षात पालिकेचे मनुष्यबळ व पैसा गोदाकाठच्या व रस्त्यांच्या कामांकडे वळलेला असल्याने सिडकोतील जलवाहिनीला कोणी विचारत नव्हते.

एका चौकसभेनंतर टपरीवर थांबलेल्या घोळक्यात एक गृहस्थ पाण्याविषयी बोलत होते. अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलण्यात सावध, कोणाच्या प्रचारात नसलेले असे ते गृहस्थ होते. अण्णांचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले की पाणी सगळ्या शहराचे गेले, वरून आदेश आला, तिथे अण्णा तरी काय करणार. दोन घोट चहानंतर ताईंचा विषय निघाला तेव्हा तेच म्हणाले, ‘बाईमाणूस ती, तिथं पालिकेत तिचं ऐकणार कोण?’ त्यांच्या स्वरात द्वेष नव्हता, उलट थोडी कणवच होती. पण एका बैठकीत, एकाच वस्तुस्थितीची दोन निरनिराळी कारणे त्यांनी दिली आणि त्यांत काही विसंगत आहे असे त्यांना किंवा ऐकणाऱ्यांना वाटले नाही.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब माझ्या मते हीच आहे. पूर्वग्रह शोधायला निघालेला माणूस सहसा शिव्या, टोमणे, कपड्यांवरील शेरे असे शब्द शोधतो. ते सापडतात, त्यांचा निषेधही होतो. परंतु या प्रभागात जास्त नुकसान केले ते टीकेला जोडलेल्या कारणाने. पुरुषाच्या अपयशाचे कारण परिस्थितीत शोधले गेले आणि महिलेच्या अपयशाचे कारण ती महिला असण्यात. परिस्थिती बदलते, धरण भरते, आयुक्त बदलतात. म्हणून अण्णांना आणखी एक संधी देणे शहाणपणाचे ठरते. ताईंचे स्त्री असणे मात्र पुढच्या पाच वर्षांत बदलणार नसते. यशाच्या बाबतीत हेच गणित उलटे चालले. उद्यानातील खेळणी आणि पथदिवे ही दोघांच्या निधीतून झालेली कामे होती. अण्णांच्या वाट्याची खेळणी त्यांच्या दराऱ्यामुळे आली आणि ताईंच्या वाट्याचे दिवे त्यांच्या पतींनी लावून घेतले, अशी प्रभागात समजूत होती.

ही समजूत केवळ सिडकोची नाही. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रामस्थांना गावसभेतील एका प्रधानाचे, म्हणजे तिथल्या सरपंचाचे, भाषण ध्वनिमुद्रित करून ऐकवले होते. शब्द तेच, मजकूर तोच. काहींना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवले आणि काहींना बाईच्या. ज्या गावांत प्रधानपद महिलांसाठी कधीच राखीव झाले नव्हते तेथील पुरुषांनी बाईच्या आवाजातील प्रधानाला कमी कार्यक्षम ठरवले. जिथे महिला प्रधान प्रत्यक्ष पाहिल्या होत्या तिथे ही तफावत गळून पडली. मात्र पुढारी पुरुष असावा ही आवड तिथेही फारशी हलली नाही. डुफ्लो आणि टोपालोवा यांच्या त्याआधीच्या एका अभ्यासातील निष्कर्ष आपल्या पाण्याच्या प्रश्नाला अधिकच जवळचा आहे: महिला प्रधान असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्याच्या सोयी अधिक होत्या, आणि तरीही लोक तेथील सेवांबद्दल कमी समाधानी होते.

यावर नाशिकमध्ये हमखास येणारे उत्तर असे की, ज्या शहराने महिलांना वारंवार निवडून दिले तेथे पूर्वग्रहाची भाषा कशाला. उत्तर पोकळ नाही. शोभा बच्छाव, नयना घोलप, रंजना भानसी अशा महिला येथे महापौर झाल्या. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली या चार विधानसभा मतदारसंघांपैकी तीन मतदारसंघांतून २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देवयानी फरांदे, सीमा हिरे व सरोज अहिरे निवडून आल्या. पण बीरभूमच्या अभ्यासाने केलेला भेद येथे लागू पडतो. बाई कारभार करू शकते हे शहराने मान्य केले आहे. तिने तो करावा हे आवडणे वेगळे. सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनाला गेल्या तेव्हा कौतुक झाले, बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष उभा राहिला, आणि जोडीला बाळाला अशा ठिकाणी नेण्याची गरज काय होती, अशी चर्चाही येथील घराघरांत झाली. त्या सभागृहात त्या वेळी तान्ह्या बाळांचे वडील किती होते, याची चर्चा झाल्याचे ऐकिवात नाही.

ताईंबद्दलही असेच झाले. मतदान २१ फेब्रुवारीला होते, दहावीची परीक्षा मार्चमध्ये, आणि ताईंची मुलगी दहावीला होती. ‘लेक दहावीला आणि आई दारोदार’ हे वाक्य महिला मतदारांच्या तोंडूनच अधिक ऐकू आले. अण्णांची मुले त्या वर्षी कितवीत होती हे या प्रभागात कोणालाही ठाऊक नव्हते.

तिसरे अपत्य

छाननीच्या आदल्या दिवशी ताईंना तिसरे अपत्य असून ते त्यांनी लपवले आहे, अशी कुजबुज सुरू झाली. येथे थोडे थांबायला हवे, कारण खासगी आयुष्यावरील टीका म्हणून हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य जन्मल्यास महानगरपालिकेची निवडणूक लढवता येत नाही, आणि अशाच प्रकारची हरियाणातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवली आहे. म्हणजे मुलांची संख्या ही एरवी कोणाच्याही घरातली बाब कायद्यानेच सार्वजनिक केली आहे. मतदाराला ती विचारण्याचा अधिकार आहे.

प्रत्यक्षात घडले ते असे. ताईंच्या घरी त्यांच्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी राहत होता. हरकत घेणाऱ्याने शाळेच्या दाखल्याऐवजी गल्लीतील बोलणे पुरावा म्हणून सांगितले, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पुराव्याअभावी हरकत फेटाळली आणि अर्ज वैध ठरला. प्रकरण येथे संपायला हवे होते. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी एक संदेश फिरू लागला, त्यात ताईंच्या कौटुंबिक छायाचित्रातील तिसऱ्या मुलाभोवती लाल वर्तुळ काढून खाली फक्त विचारले होते: ‘हे कोणाचे?’ कायद्याच्या नियमाशी असलेले नाते या दोन शब्दांत तुटले. पहिल्या हरकतीत प्रश्न संख्येचा होता, दुसऱ्या संदेशात तो चारित्र्याचा झाला. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटे विधान करणे हा तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम १७१-जी खाली गुन्हा होता, परंतु त्यासाठी वस्तुस्थितीचे विधान लागते, आणि प्रश्नचिन्ह लावलेले वाक्य हे विधान नव्हेच असा बचाव तयार असतो. संदेश लिहिणाऱ्याला हे कलम माहीत असेलच असे नाही. आपल्याकडे कुजबुजीला प्रश्नाचेच रूप देण्याची जुनी रीत आहे आणि ती नेमकी सोयीची ठरते.

नियम पुरुषांनाही तेवढाच लागू आहे. अण्णांच्या शपथपत्रातील अपत्यांची संख्या कोणी तपासली नाही.

आदर्श आचारसंहितेचा उपयोग अशा वेळी किती होतो, हेही यावरून दिसते. टीका धोरण, कार्यक्रम आणि पूर्वीचे काम यांपुरती असावी, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर नसावी, असे ती सांगते. हा नियम या प्रकरणाला लावून पाहिला तर पाण्याविषयीची टीका नियमात बसते, कारण ती कामाविषयी आहे. पण पूर्वग्रह तिच्यातच खोल होता. तिसऱ्या अपत्याची हरकत वरवर खासगी दिसते, पण तिला कायद्याचा आधार होता. आचारसंहितेने आखलेली रेघ आणि पूर्वग्रहाची रेघ एकमेकींवर बसत नाहीत.

उघड शेरेबाजीला मात्र आचारसंहिता आणि लोकलज्जा काही प्रमाणात आवर घालते, आणि तो प्रश्न कोणा एका पक्षाचा नाही. मे २०२२ मध्ये चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. यांच्याबद्दल वापरलेल्या शब्दावरून गुन्हा दाखल झाला आणि त्यांनीही दिलगिरी व्यक्त केली. अशा वक्तव्यांची बातमी होते, माफी मागितली जाते आणि प्रकरण मिटते. टपरीवरच्या त्या सज्जन गृहस्थांच्या वाक्याची बातमी होत नाही.

पतींचा फोन आणि गटाराचे काम

ताईंवरील सर्वांत सबळ आक्षेप हा की त्यांचा फोन त्यांचे पती उचलत. पालिकेच्या नोंदीत ताईंच्या नावापुढे असलेल्या क्रमांकावर फोन केला की बहुतेक वेळा पुरुषाचा आवाज येई, तक्रार लिहून घेतली जाई आणि विभागीय कार्यालयातही अनेकदा तेच गृहस्थ दिसत. ‘नगरसेवक पती’ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. त्याविरुद्धची तक्रार पूर्वग्रहातून येते असे म्हणून ती उडवून लावणे मला मान्य नाही. मतदारांनी ज्याला निवडलेले नाही त्याने निवडलेल्याचे अधिकार वापरणे हा लोकशाहीतील दोष आहे आणि महिलांसाठीच्या आरक्षणाचा हेतूच त्याने पराभूत होतो. अण्णांचेही अर्धे काम त्यांचा पुतण्या पाहत असे, सह्यांपुरते कागद अण्णांकडे जात, परंतु त्याला प्रभागात ‘पोरगा तयार होतोय’ असे म्हटले जाई. दुहेरी माप होतेच. तरीही दुसऱ्याच्या घरी तोच दोष आहे म्हणून पहिल्याचा दोष नाहीसा होत नाही.

खरी हानी याच्या पुढच्या टप्प्यावर झाली. प्रभागातील एका शाळेसमोर पावसाळी गटाराचे काम सिंहस्थाच्या वर्षी सुरू होऊन अर्धवट राहिले होते. पहिल्याच मोठ्या पावसात फाटकाशी घोट्यापर्यंत पाणी साचे, पालकांनी विटा टाकून मुलांसाठी वाट केलेली असे, आणि दोन चेंबरांवर झाकण नसल्याने तिथे कोणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवत असे. ताईंच्या पतींचा व्यवसाय बांधकाम साहित्याचा होता. या कामाच्या ठेकेदाराने सिमेंटचे पाईप त्यांच्याच दुकानातून घेतले का, हा प्रश्न विचारणे आवश्यक होते, कारण महानगरपालिका अधिनियमानुसार नगरसेवकाचा पालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे ही अपात्रतेची बाब ठरू शकते. उत्तर ‘नाही’ असे येऊ शकले असते. प्रश्न मात्र पूर्णपणे कामाचा होता आणि त्यात ताईंच्या स्त्री असण्याचा काडीचाही संबंध नव्हता.

विरोधकांनी तो विचारला नाही. त्यांनी पत्रकात छापले की या घरात चालते कोणाचे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि खाली बाहुल्यांच्या खेळाचे चित्र काढले. ताईंच्या बाजूने उत्तर आले की हा समस्त महिलांचा अपमान आहे. महिला कार्यकर्त्यांनी त्रिमूर्ती चौकात काळ्या फिती लावून निदर्शने केली. निषेध योग्य होता, चित्र हीनच होते. पण त्या निषेधाच्या आड गटाराचा प्रश्नही गेला. त्यानंतर एका सोसायटीच्या बैठकीत एका पालकाने साधेपणाने गटाराचे काम का थांबले असे विचारले, तेव्हा ताईंच्या कार्यकर्तीने त्यालाही विचारले की हा प्रश्न तुम्ही अण्णांना विचाराल का. प्रतिप्रश्नात तथ्य होते, अण्णाही तितकेच जबाबदार होते. तरी ज्याच्या मुलाला विटांवरून शाळेत जावे लागते त्याला त्या संध्याकाळी उत्तर मिळाले नाही.

पूर्वग्रहाने टीका दूषित झाली की टीकाकाराचा तोटा होतोच, पण ज्याच्यावर टीका झाली त्याला जाब टाळण्याची एक सोयही मिळते. ताईंनी ती सोय घेतली. त्यांना दोष देताना हेही लक्षात ठेवावे लागेल की आठवडाभर लाल वर्तुळाचा संदेश भोगलेल्या बाईने प्रत्येक प्रश्नाकडे संशयाने पाहिले तर ते मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

अण्णांच्या वाट्याला आलेले

अण्णांना केवळ लाभार्थी म्हणून दाखवणे अन्यायाचे होईल. ते नववीपर्यंत शिकलेले, अंबडला एके काळी कंत्राटी कामगार, नंतर रिक्षाचालक. प्रभागाच्या नव्याने जोडलेल्या भागात उंच इमारती होत्या आणि तेथील रहिवाशांच्या गटांत अण्णांच्या पत्रकातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून फिरवल्या जात. त्यांनी महासभेत कोणते प्रश्न मांडले हे त्या गटांत कोणी विचारले नाही. ज्यांनी अण्णांना अंगठाबहाद्दर म्हटले तीच मंडळी ताईंच्या बाजूने, सुशिक्षित महिलेला संधी मिळावी असे लिहीत होती. ताई पदवीधर होत्या हे खरे. परंतु महिलेच्या बाजूचा हा आवाज जितका तिच्यासाठी होता तितकाच रिक्षावाल्याच्या विरोधात होता. लिंगभेदाविरुद्धची भाषा वर्गभेदाच्या कामाला लावता येते, हे या प्रभागात स्पष्ट दिसले.

ताईंचे माहेर जळगावकडचे. सिडकोत खान्देशातून आलेली हजारो कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात आणि तरीही ‘बाहेरच्या’ हा शब्द त्यांच्यासाठी एका छोट्या सभेत वापरला गेला. मात्र ऐकणाऱ्यांतच निम्मे अहिराणी बोलणारे निघाल्याने तो पुन्हा ऐकू आला नाही.

जातीबद्दल एक निरीक्षण नोंदवण्यासारखे आहे. या प्रचारात जात टीकेच्या रूपाने जवळजवळ आलीच नाही. काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या या शहरात कोणी ती उघडपणे बोलायला धजावत नाही, आणि कायद्याचाही धाक आहे. ती आली स्तुतीच्या रूपाने. ‘आपला माणूस’ हे दोन शब्द अण्णांच्या समाजाच्या बैठकींत टाळ्या घेत. ताईंचा समाज प्रभागात संख्येने लहान, त्यांच्यासाठी ते शब्द म्हणायला माणसेच कमी होती. केवळ टीकेचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती हा पूर्वग्रह लागणार नाही, कारण त्याने कोणालाही वाईट म्हटलेले नसते. समाजमाध्यमांवर, जिथे नाव लपवता येते, तिथे चित्र वेगळे असते: २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून केलेल्या ट्विटांचा अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने अभ्यास केला तेव्हा दर सातांतील एक आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचे आढळले, आणि मुस्लिम व मागास जातींतील महिलांना धर्म व जातीवरून होणारी शिवीगाळ इतरांपेक्षा बरीच जास्त होती.

निकाल आणि कागद

निकाल २३ फेब्रुवारीला लागला आणि ताई व अण्णा दोघेही पडले. शहरात भाजपला १२२ पैकी ६६ जागा मिळाल्या. या प्रभागातही मतदारांनी चार बटणे दाबताना उमेदवारापेक्षा चिन्हाकडे पाहिले असावे, असे मतांच्या वाटपावरून वाटते. ताई पूर्वग्रहामुळे हरल्या असे त्यांच्या समर्थकांनी म्हटले आणि अण्णा हरले म्हणजे पूर्वग्रह नव्हताच असे विरोधकांनी म्हटले. दोन्ही अनुमाने टिकत नाहीत. चार सदस्यांच्या प्रभागात, पक्षाच्या लाटेत, एका जागेच्या निकालावरून टीकेचा परिणाम मोजता येत नाही. या अभ्यासातून दिसते ते एवढेच की टीका कशी केली गेली आणि तिने कोणते प्रश्न पुढे आणले, कोणते दडपले.

मतदान उलटून गेल्यावर प्रभागातील एका निवृत्त शिक्षकांनी माहितीच्या अधिकारात गटाराच्या कामाची कागदपत्रे आणि दोघांच्या महासभेतील उपस्थितीची नोंद मागवली. उपस्थितीत दोघांमध्ये नाव घेण्यासारखा फरक नव्हता. काम सुरू करण्याच्या मागणीपत्रावर दोघांच्याही सह्या होत्या, काम थांबल्यानंतर विचारणा करणारे एक पत्र ताईंचे होते आणि अण्णांचे एकही नव्हते. हे पत्र प्रचारात ताईंनाही आठवले नाही, कारण कामावर बोलण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही. ठेकेदाराने पाईप कोठून घेतले याचा उल्लेख मिळालेल्या कागदांत नाही. फेब्रुवारीत एखाद्या चौकसभेत तो प्रश्न सरळ विचारला गेला असता तर ताईंना हो किंवा नाही असे सांगावे लागले असते. निकालानंतर त्या नगरसेविका राहिल्या नाहीत, ठेकेदाराचे नाव पालिकेच्या यादीत कायम राहिले, आणि शाळेसमोरच्या उरलेल्या गटारासाठी तेव्हाच्या नव्या नगरसेवकांनी नव्याने प्राक्कलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, मागवला.